तीन माणसांचं प्रभुभोजन

जानेफळच्या कौलारू चर्चचे पाद्री महादेवराव साळवे हट्टी होते, हे आधीच सांगून टाकतो. विलायती चर्चचं जाडजूड प्रार्थनापुस्तक त्यांना मराठीतून तोंडपाठ, आणि त्यातला काना-मात्रासुद्धा ते कोणाला हलवू देत नसत.

मग तालुक्यात दुसरं मिशन आलं. तान्हेपणी डोक्यावर पाणी शिंपडलं तो बाप्तिस्मा खरा नाही, नदीत बुडालं पाहिजे, असं ते सांगू लागले. नवी विटी, नवं राज्य. एकेक घर पैनगंगेत बुडी मारून तिकडचं झालं. पाद्रीबाबा कोणाशी भांडले नाहीत. ज्यांची लेकरं त्यांनी हातावर घेऊन देवाची केली होती, ती माणसं रस्ता बदलून जाऊ लागली, हे मात्र त्यांना फार लागलं.

शेवटी तिघंच उरली: कडूबा, त्याची बायको मनकर्णाबाई आणि विधवा गोजरबाई. पुस्तकाचा नियम असा की पाद्र्यासोबत निदान तीन माणसं घेणारी नसतील, तर प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीनं सगळ्यांनी वाटून घ्यायची, भाकर मोडायची नाही. लेक तिकडे गेला म्हणून गोजरबाईही गेली आणि भोजन बंद पडलं. पाद्रीबाबांनाही ते एकट्यानं घेता येईना. ज्या घासासाठी ते पाद्री झाले होते, तोच तुटला.

"उरकून घ्या ना, पाद्रीबाबा," कडूबा म्हणाला. "इथं कोण पाहून राह्यलं?"

"ज्याच्यासाठी मांडतो, तो पाहून राह्यला न, कडूबा."

मला विचाराल तर हा शुद्ध हेका होता. पण असा हेका धरायलाही छाती लागते.

पावसाळा सरता सरता मानमोडीची साथ आली. तापानं माणसं पटापट जाऊ लागली. गोजरबाई पडली. लेक अंथरुणावर, नव्या मिशनचा पाद्रीही तापानं फणफणलेला, शेजाऱ्यांची दारं बंद. तिनं निरोप धाडला आणि पाद्रीबाबा गेले.

"मी तं तुमाले सोडून गेली," ती म्हणाली. "मले प्रभुभोजन देसान का?"

त्याच पुस्तकात असंही आहे की साथीच्या भीतीनं कोणी येत नसेल आणि आजाऱ्यानं मागितलं, तर पाद्र्यानं एकट्या त्याच्याबरोबरही भोजन घ्यावं. पाद्रीबाबांनी खाटेजवळ पाटावर पांढरं कापड अंथरलं. पहिला घास पाद्र्याचा असतो. इतक्या दिवसांनी तो घेताना त्यांना रडू आवरेना. गोजरबाईला वाटलं, आपल्यासाठीच रडताहेत.

"रडू नका, बाबा. मी सुखानं जाऊन राह्यली."

ती गेली नाही. बरी झाली, आणि लेकाचा हात धरून पुन्हा त्याच्या चर्चला जाऊ लागली. वाटेत पाद्रीबाबा दिसले की सलाम करायची.

साथ ओसरली. साथ गेल्याबद्दल आभार मानायची प्रार्थनाही पुस्तकात आहे. कडूबा आणि मनकर्णाबाईसमोर पाद्रीबाबा ती म्हणायला उभे राहिले. घेणारी पुन्हा दोघंच, म्हणजे साथीबरोबर आपला घासही गेला, हे ठाऊक असून त्यांनी ती एक शब्द न गाळता शेवटपर्यंत म्हटली.