आठ वेळा उचलून पाहिलेली खुर्ची

“आजून चार डाव उचल,” मथुराबाई म्हणाल्या.

त्यांची सून कविता धापा टाकत उभी होती. अडतीस किलोची इलेक्ट्रिक व्हीलचेअर घडी करून तिनं जीपच्या मागच्या भागात चढवली होती, उतरवली होती, पुन्हा चढवली होती. सुरतहून डेमो द्यायला आलेला सेल्समन माझ्याकडे वळला. “मॅडम, खुर्चीवर बसणार कोण? बाई की सून? बाई तर अजून बसल्याच नाहीत!”

मी नंदुरबारला फिजिओथेरपिस्ट आहे. पेशंटला कोणती व्हीलचेअर बसेल हे ठरवणं माझ्या कामाचाच भाग. त्या दिवशी क्लिनिकच्या अंगणात तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि माझा निर्णय मनाशी झालेला होता. अडतीस किलोवाली घ्यायची. रुंद बैठक, मोठी चाकं, खडबडीत रस्त्यावर भक्कम.

मथुराबाई कोरीट गावच्या. वय छप्पन्न. लहानपणी डाव्या पायाला पोलिओ झालेला. आयुष्यभर त्या गुडघ्यावर हात दाबून चालल्या, आणि तशाच चालत लग्नांमधून मांडे करत फिरल्या. मांडे म्हणजे आमच्या खान्देशातली पुरणपोळी, पण लाटणं नाही. पुरण भरलेला सैल गोळा दोन्ही हातांवर झेलत झेलत वाढवायचा आणि चुलीवर पालथ्या ठेवलेल्या मातीच्या खापरावर अलगद टाकायचा. हात जरा चुकला की पोळी फाटते. मथुराबाईंच्या हाताखाली पाच बायका होत्या. शहादा, दोंडाईचा, थेट सुरतपर्यंत त्यांना बोलावणं यायचं.

मग उजवा गुडघाही गेला. चार पावलं टाकली की तोल जायचा. एका लग्नात चार पुरुषांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट उचलून मांडवातून नेलं. पाहुणे बघत होते, कुणीतरी मोबाइलवर शूटिंगही केलं. त्यानंतर आठ महिने त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मला म्हणाल्या होत्या, “मी काय गनपती शे का, चार जनस्नी उचलाले?” बाकीच्या बायका दोन लग्नांना त्यांच्याशिवाय गेल्या. खापराचा ताव जमला नाही, मांडे करपले. पुढची बोलावणी थांबली.

म्हणून ही खुर्ची. आणि म्हणून माझा आग्रह, की खुर्ची भक्कम हवी.

सातव्या वेळी कवितानं खुर्ची अर्ध्यावरच सोडली आणि कंबरेला हात लावला. “उचलसू मी, आत्याबाई,” ती तरीही म्हणाली.

“एक डाव कोन्हीबी उचली,” मथुराबाई म्हणाल्या. त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. घरी जीपमध्ये चढवायची, मांडवात उतरवायची, मुक्कामाच्या घरी जायला पुन्हा चढवायची, तिथे उतरवायची. परतताना तेवढंच. एका लग्नाला आठ वेळा. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही माले ईचारी ऱ्हायनात, तिले कोन ईचारस? तिनी कंबर गयी ते दोन खुर्च्या लागतीन.”

मी मथुराबाईंची उंची, वजन, मांडीची लांबी, हातांची ताकद, सगळं मोजलं होतं. कविताला मात्र साधं नावही विचारलं नव्हतं.

सेल्समननं लगेच सतरा किलोची खुर्ची पुढे केली. कार्बन फायबरची फ्रेम. कवितानं ती आठ वेळा सहज चढवली-उतरवली आणि हसली. मलाही वाटलं, झालं काम. पण मथुराबाई आता पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या आणि बागेचा पाण्याचा पाइप अंगणात आडवा टाकायला सांगितला. मांडवात अशाच वायरी पसरलेल्या असतात. खुर्चीची पुढची चाकं बारीक होती. ती पाइपला अडली, मागची बाजू उचलली गेली आणि मथुराबाई पुढे कलंडल्या. मी त्यांना खांद्याला धरलं.

“चुलीपाशी आसं व्हयनं ते?” त्यांनी शांतपणे विचारलं.

उरली मधली, सव्वीस किलोची. ती पाइपावरून हळूच, पण सरळ गेली. उचलायचा प्रश्न होताच. इथे मात्र माझं शिक्षण कामी आलं. बॅटरी काढली की चार किलो कमी होतात, आणि ती वेगळ्या पिशवीत नेता येते. खुर्ची एकदम उचलायची नाही. गुडघे वाकवायचे, ती अंगाजवळ धरायची, आधी एक बाजू जीपच्या कडेवर टेकवायची आणि मग आत ढकलायची. कविताला मी तसं शिकवलं. आठ वेळा झालं. कंबरेला हात गेला नाही.

“जागा?” मथुराबाईंनी विचारलं. जीपमध्ये मागे पोत्यांत गुंडाळलेली खापरं जातात. आम्ही खुर्ची घडी करून उभी ठेवली, दोरीनं बांधली, बाजूला पोती रचून पाहिली. जागा उरली. जॉयस्टिक, म्हणजे खुर्ची चालवायचा दांडा, मी डाव्या हाताला लावून घेतला. उजवा हात त्यांना कामाला मोकळा हवा होता.

दोनेक महिन्यांनी शहाद्याला सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न होतं. मांडवाच्या मागे गेले तर मथुराबाई स्वतः खुर्ची चालवत येत होत्या. चुलीशी थांबल्या, हातांवर जोर देऊन पाटावर सरकल्या आणि पहिला गोळा हातात घेतला. बघता बघता तो कोपरापर्यंत पसरला. इतका पातळ, की पलीकडचा जाळ दिसत होता. पाचही बायका भोवती होत्या. कविता म्हणाली, “आते मन्हा पुढे पळतस आत्याबाई.” मी तीन मांडे खाल्ले. एरवी एकावर थांबते.

त्यानंतर मी क्लिनिकच्या फॉर्ममध्ये एक ओळ वाढवली. पेशंटच्या उंची-वजनाखाली आता लिहिलेलं असतं: ‘खुर्ची कोण उचलणार?’ ती ओळ आली की बहुतेक घरची माणसं थांबतात आणि एकमेकांकडे बघतात. मी पेन खाली ठेवून वाट बघते. खुर्ची त्यानंतरच सुचवते.