नवस न बोलणारे काका

मोठ्या माणसावर लिहायची माझी लायकी नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे काही चुकलं तर माफ करा.

आमच्या ईट गावात शेजारी खव्याची भट्टी चालवणारे एक काका राहतात. रोज भट्टी पेटवण्याआधी ते आभाळाकडं हात जोडतात आणि म्हणतात, "दिलंस ते लई झालं." पुढं काहीच मागत नाहीत. देव आहे, त्यानं जग केलं, त्याचे नियम घालून दिले, पण नंतर तो मध्ये पडत नाही, या विचाराला डीइझम म्हणतात, असं सरांनी वर्गात शिकवलं, तेव्हा मला काकाच आठवले.

मग काकूंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. आई म्हणाली, "भावजी, रामलिंगाला नवस तरी बोला."

"वहिनी, त्यानं डॉक्टरला डोकं दिलंय. आता हर घडीला त्येलाच कशाला बोलवायचं?"

"अन् काय इपरीत झालं म्हंजे?"

"रडीन की. पण त्येला बोल लावणार न्हाय."

काका-काकू ऑपरेशनसाठी सोलापूरला निघायच्या सकाळी मी दोन घरांमधल्या भिंतीपाशी उभा होतो. आज तरी ते मागतील, असं वाटत होतं. काकांनी आभाळाकडं हात जोडले, पण शब्द तेच होते. पुढं दोन-तीन दिवस अभ्यासात माझं लक्ष लागेना.

शेवटी काल संध्याकाळी काकांचा फोन आला.

"झालं रे ऑपरेशन, चांगलं झालं. शुद्धीवर आली अन् मलाच रागावली, जेवला न्हाईत म्हणून."