ढोल्याच्या कानाची माफी

ज्या सिस्टरबाईंनी अख्ख्या चामोर्शीला सुया टोचल्या आणि ‘दुखलं का’ म्हणून एकदाही कुणाला विचारलं नाही, त्या म्हातारपणी रोज सकाळी एका बोक्याची माफी मागायच्या. “माफ कर रे राजा, एकच डाव,” म्हणत त्या ढोल्याचा कान कोमट फडक्यानं शेकायच्या, कानाच्या कडेला हळूच टोचायच्या आणि रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायच्या. ढोल्याला मधुमेह होता. तो बदमाश डोळे मिटून खुशाल घुरघुरत पडायचा. लहानपणी माझ्या दंडात घुसलेली त्यांची सुई आठवून मला त्याचा हेवा वाटायचा.

मशीनवर आकडा आला की त्या आमच्या मधल्या कुंपणाशी यायच्या. साखर ठीक असली तर ओरडायच्या, “आज माणसात आहे वो!” वाढलेली असली तर नुसतं, “बिघडला.” त्या दिवशी त्यांचा चेहरा बघवत नसे.

ढोल्या भाताचा वेडा. धानाच्या मुलखातलं मांजर, दुसरं काय मागणार? जनावरांच्या डॉक्टरांनी त्याचा भात तोडला, तर बाईंनी घरात भात शिजवणंच बंद केलं. “त्याच्या नाकासमोर मी कशी खाऊ? त्याले का समजते!” मग दुपारी माझ्याकडे जेवायला यायच्या आणि ताटात भाताचा ढीग मागायच्या. साखर त्यांनाही होती. मी वाढता वाढता विचारायची, “बाई, तुमची पाहिली का?”

“कालच पाहिली. मस्त आहे. टाक अजून.”

मी टाकायची. सुईच्या बाबतीत सिस्टरबाईंवर अविश्वास कोण दाखवणार? शिवाय ते मशीन मीच त्यांच्यासाठी आणलं होतं, ढोल्याच्या दुखण्याच्या कितीतरी आधी. पट्ट्यांची डबीही दर महिन्याला मीच चंद्रपूरहून आणायची.

मागच्या उन्हाळ्यात त्या पायात मोजे घालून जेवायला येऊ लागल्या. आमच्या इथल्या उन्हात मोजे! मी खो खो हसले. माझं मेलीचं डोकं कुठं गेलं होतं कोण जाणे. मोज्यात न भरणारी जखम होती. दवाखान्यात त्यांच्या साखरेचा आकडा ऐकून मी भडकलेच. “रोज पाहत होत्या ना तुम्ही?”

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, “पट्ट्या पुरत नव्हत्या पोरी. त्याची दोनदा पाहा लागे.”

“मग मला सांगायचं होतं! दोन डब्या आणल्या असत्या!”

“मांगनं जमत नाई मले.” थोड्या वेळानं माझा हात धरून म्हणाल्या, “ओरडू नको. आज त्याची पाहिली का?”

पाहिली नव्हती. तरी मी म्हणाले, “पाहिली. मस्त आहे.” त्यांना ते खरं वाटलं. आठवड्याभरात त्या गेल्या. विहारात त्यांच्यासाठी वंदना झाली तेव्हा मला हात जोडवेनात. याच हातांनी मी त्यांना भात वाढला होता.

ढोल्या आता माझ्याकडे असतो. मी कान धरला की ओरबाडतो, पळतो, कपाटाखाली जाऊन बसतो. मी कितीदा माफी मागितली तरी त्याला ती पटत नाही. पण काल तो पहिल्यांदाच मुकाट्यानं पडून राहिला आणि आकडाही अगदी ठीक आला. मी मशीन हातात घेऊन तशीच कुंपणाशी धावले आणि ओरडले, “बाई, आज माणसात आहे!”

पलीकडे दाराला कुलूप होतं.