धावपट्टीकाठची पऱ्हाटी

“इझव बे ते पऱ्हाटी! वर इमान घिरट्या घालून राहिलं!” विमानतळावर हवामान नोंदवणारे साहेब कुंपणापलीकडून असे बोंबलले, की बडनेऱ्याला गाडी थबकली असती. अलीकडे माझे काका कपाशीची वाळकी झाडं निवांत पेटवत होते. धुरानं सेमाडोहचा वाघही खोकला असेल.

आज मोबाइलवर त्याच धावपट्टीची दृश्यता, म्हणजे किती लांबवर दिसतं ते, पाहताना तो कडवट वास नाकात शिरला. तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. काकांच्या तोंडावर हसू नव्हतं, हे आता दिसतं.

त्या दिवशी साहेबांनी दृश्यता शून्य कळवली. विमान नागपूरला वळलं.

“माही नोकरी खाशीन काय बे? गेलं न इमान!”

काका म्हणाले, “जाऊ द्या साहेब. या डांबराखाली माहं अर्धं वावर बी गेलं.”