रिकामे कंस

सुनेला नागापूरच्या एका कारखान्यात लागून महिनाच झाला होता. अजून कायम केलेलं नव्हतं. मशीनवर बनणाऱ्या भागांची ड्रॉइंगं कॉम्प्युटरमध्ये नीट लावून ठेवायची, हे तिचं काम. त्या दिवशी ती घरूनच करत होती आणि मी शेजारी वाटाणे सोलत होते.

तिच्या काळ्या पडद्यावर चित्रं नसतात, नुसती अक्षरं. मागं एकदा तिनं मला समजावलं होतं. एखादी फाईल धरायची आणि तिलाच विचारायचं, तुझ्यात काय काय आहे, तुला काय काय करता येतं. मग यादी येते. नाव, आकार, शेवटचा बदल कधी झाला, हे तिच्यातलं. दुसरीकडं जाणं, पुसून जाणं, ही तिची कामं.

"म्हंजी घोडेगावच्या बाजारात गाय बघत्यात तसं," मी म्हणाले होते. "आधी दात बघून वय वळखायचं, मग चालवायची."

"आता कॉम्प्युटरला दावं बांधा, आत्या!" ती हसली होती. सासूला ती आत्याच म्हणते. "पण खरंय. फक्त इथं कामाच्या नावापुढं दोन रिकामे कंस देऊन एंटर दाबलं, की काम होऊनच जातं. परत फिरत नाही."

त्या दिवशी वाटाणे सोलत असतानाच तिच्या साहेबांचा फोन आला. तिनं स्पीकरवर टाकला.

"मॅडम, एकाच भागाची दोन ड्रॉइंगं दिसतायत. जुनं पुसा, नवं पाठवा. मशीन थांबलंय."

नव्याची दुसरी प्रत कुठंच नव्हती, हे तीच मला सकाळी म्हणाली होती.

"झालं का?"

"करते, सर."

तिची बोटं पळायला लागली. एक फाईल धरली. यादी मागवली नाही. तारीख बघितली नाही. मला इंग्रजी येत नाही, पण कंस शाळेपासून ओळखते. ओळीच्या शेवटी ते दोन उमटले, पोटात काही नसलेले. तिचं बोट एंटरकडं गेलं.

फोनवर परका माणूस ऐकत होता. मी तिचं मनगट धरलं. वाटाणे घरभर सांडले.

"आत्या, सोडा ना!"

"दात," मी कशीबशी पुटपुटले. "दात बघितलं न्हाईस तू."

"कोण बोलतंय? कसले दात?" साहेब म्हणाले.

तिनं पडद्याकडं बघितलं. मग कामाचं नाव, कंस, सगळं खोडलं आणि तारीख विचारली. आज सकाळची निघाली. धरलेली फाईल नवीच होती.

"सर, दोन मिनिटं द्या. आमच्या आत्या आहेत."

तिनं दुसरी फाईल धरली, यादी मागवली, तारीख दोनदा वाचली. मग कंस दिले आणि माझ्याकडं बघितलं.

मी मान हलवली. तेव्हा कुठं तिनं एंटर दाबलं.