दुसऱ्याचं गाठोडं

किसनमामा गेल्याची बातमी माझ्यापर्यंत माझ्याच पिशवीमुळे पोचली. हॉस्टेलच्या शिपायाने खाली बोलावलं म्हणून गेलो, तर ऑफिसच्या दारात एक हवालदार उभा होता आणि त्याच्या हातात माझी खाकी पिशवी होती. आत माझी पुस्तकं होती, पुस्तकांवर माझं आणि कॉलेजचं नाव. "ही तुमची का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. "मग ही मांडीवर घेऊन पुणे स्टेशनच्या बाकावर बसलेला माणूस तुमचा कोण?" मी म्हणालो, "मामा." आधी वाटलं, मामा माझी वाट पाहत बसले असतील आणि त्यांनी पिशवी पुढे पाठवली असेल. पण मामा दुसऱ्याची पिशवी तिसऱ्याच्या हाती देणारे नव्हते. हवालदाराने डोक्यावरची टोपी काढली. "झोप लागलीय असंच वाटत होतं लोकांना," तो म्हणाला, "पिशवीचे बंद हातातनं सुटंनात..."

त्याला आता काही आठवडे झाले. मला अजून रडू आलेलं नाही. तास ऐकतो, मेसमध्ये जेवतो, कुणी विचारलं तर "मामा वारले" असं सांगतो. सांगताना हा शब्द दुसऱ्या कुणाविषयी आहे असं वाटतं. मी लेखक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. चार ओळी नीट लिहिता येतात, एवढंच. पण मामांविषयी छापून यावं असं कुणी काही लिहिणार नाही, म्हणून धीर करतो आहे.

मामा दौंडच्या रेल्वेत खलाशी होते, पडेल ते अंगमेहनतीचं काम करणारे. मूळचे भीमाकाठच्या वडगाव रासाईचे. माझी आई त्यांची धाकटी बहीण, ती शिरूरला दिलेली. शिरूरला आमच्या गल्लीत मामा आले की पोरं त्यांच्याकडे धावायची, कारण ते आल्या आल्या स्वतःची पिशवी दिसेल त्याच्या हातात द्यायचे आणि त्याच्या हातातलं काही असेल ते स्वतः घ्यायचे. पोराच्या हातात घासलेटची बाटली असो नाहीतर दळणाचा डबा. बाहेरच्याला हे येडेपणाचं वाटायचं. आमच्याकडे तो नेम होता.

नेम कसा पडला ते मामा एकदाच बोलले. ते लहान असताना आमचे आजोबा वस्तीतल्या लोकांबरोबर लांबच्या गावी एका सभेला गेले होते. येताना मनमाडला गाडी बदलायच्या गर्दीत सगळे चढले आणि आजोबा खाली राहिले. कुणाच्या लक्षातही आलं नाही. ते घरी पोचले पुष्कळ दिवसांनी, पायी, आणि त्यानंतर त्यांनी गावची वेस ओलांडली नाही. "कुणी वाईट नव्हतं," मामा म्हणाले होते. "पर ज्याची त्याची नजर आपापल्या गाठोड्यावर. मानसावर कुनाची? तवापास्नं मी ठरवलं. आपलं गाठोडं आपन उचलायचंच न्हाई. दुसऱ्याचं उचलायचं. मंग बघ, नजर कशी मानसाला सोडत न्हाई." यात आणखी एक कलम होतं. गाठोडं मालकाच्या दारात, मालकाच्या हातात द्यायचं, मगच आपल्या घरी जायचं. आणि आत काय आहे ते विचारायचं नाही.

मी मॅट्रिक झालो त्या हिवाळ्यात मामांनी नेपाळची सहल काढली. सहल हा माझा शब्द. मामा नुसतं "जायचं हाय" म्हणत. आमच्या आजीला लुंबिनी बघायची होती. बुद्धगयेला, सारनाथला आमच्यातले लोक जाऊन आलेले होते, त्यांना विचारता येत होतं. नेपाळ पाहिलेला माणूस मात्र दौंडात नाही, शिरूरात नाही. आजीला मात्र दुसरं काही नकोच होतं. तिचं म्हणणं असं, की माहेराला निघालेली ती राणी, बुद्धाची आई, वाटेतच बाळंत झाली, ती जागा तिला बघायची. कारण आजीचंही तसंच झालेलं. मामा जन्मले ते भीमेच्या कडेला, आजी माहेरी पायी निघाली असताना, बाभळीच्या सावलीत. संगतीला गवत कापणाऱ्या दोन बाया होत्या म्हणून आई आणि लेकरू दोघं वाचली. "संगत व्हती म्हनून तू हायेस," हे आजी मामांना भाकरी वाढतानाही ऐकवायची. आता तिची नजर मंदावत चालली होती. अजून वर्षभर थांबलं तर ती जाईल, पण तिला दिसणार नाही, ही मामांची धास्ती. ती त्यांनी बोलून दाखवली नाही. वडगाव आणि दौंड मिळून दहाबारा माणसं गोळा केली, मामी, आजी, शेजारच्या तुळसाकाकू, मी, आणि दौंड स्टेशनात आम्हाला गोल उभं करून गाठोड्यांची अदलाबदल केली. तुळसाकाकू गाठोडं सोडीनात. "किसन, माझ्यात लोनच्याची बरनी हाय. सांडली तर?" मामा म्हणाले, "सांडू द्या की काकू. तुमी न्हाई सांडल्या म्हंजी झालं."

मनमाड, इटारसी, अलाहाबाद, गोरखपूर... गाड्या बदलत गेलो. प्रत्येक ठिकाणी मी पाहिलं, फलाटावर उतरल्या उतरल्या प्रत्येक जण मान वळवून कुणाला तरी शोधतो आहे. माझ्याकडे तुळसाकाकूंचं गाठोडं, म्हणून मला सारख्या त्या दिसायला हव्या असत. मामांचं आजीकडे आणि आजीचं मामांकडे. नजर अधू झालेली ती म्हातारी मामांची पिशवी छातीशी धरून "किसन कुठं हाय, किसन?" करत चालायची. खरं तर मामा तिला सांभाळत होते. पण तिला वाटायचं की तीच लेकाला सांभाळते आहे. हे मामांनी मुद्दाम केलं होतं का, ते मला विचारता आलं नाही.

सगळ्यात मोठा घोळ झाला सरहद्दीवर. छोट्या रेल्वेने शेवटच्या स्टेशनापर्यंत गेलो आणि तिथून चालत नाक्याशी. नाक्यावरच्या साहेबाने मला पुढे घेतलं, शिकलेला दिसतो म्हणून असेल. "गठरी किसकी है?" मी खरं ते सांगितलं, "मेरी नहीं है." "इसमें क्या है?" "मालूम नहीं." त्याने पुढच्याला विचारलं. त्याचंही तेच. तिसऱ्याचंही तेच. मामी तर घाबरून म्हणाल्या, "साहेब, माझ्या हातात हाय पर माझं न्हाई." साहेबाचा चेहरा बदलला. ज्याच्या खांद्यावर गाठोडं त्याचं ते नाही आणि आत काय आहे ते कुणालाच ठाऊक नाही... चोरटा माल नेणारे लोक याहून वेगळं काय बोलत असतील? त्याने आम्हाला बाजूला बसवलं. दुपार कलायला लागली. आजी मामांच्या खांद्याला धरून एवढंच विचारत होती, "ह्यो बाबा जाऊ द्यायचा न्हाई का रं?"

मग मामा उठले. साहेबाला त्यांच्या हिंदीत म्हणाले, "साब, एक बार देखो. फिर जेल में डालो." त्यांनी आम्हाला पुन्हा गोल उभं केलं आणि म्हणाले, "ज्याचं त्याला द्या." मी तुळसाकाकूंचं त्यांना दिलं, मामींनी माझं मला. क्षणभर सगळे आपापलं गाठोडं घेऊन उभे राहिलो. खोटं वाटेल, पण परक्यासारखं वाटलं. साहेबाने एकेक सोडायला लावलं. चटणी, भाकरीचे तुकडे, लुगडी, मेणबत्त्या, मी चोरून घेतलेला कंगवा. काकूंची बरणी उघडून त्याने वास घेतला. "आम का?" काकू म्हणाल्या, "घ्या की फोड, जाळताय कशाला जीव!" त्याला भाषा कळली नसावी, पण फोड त्याने घेतली. "ऐसा क्यों करते हो तुम लोग?" त्याने मामांना विचारलं. मामांनी आजीकडे बोट केलं. "माँ है. खो जाएगी." साहेबाने आजीकडे पाहिलं. मग त्याने स्वतः खाली वाकून आजीच्या हातात मामांची पिशवी दिली, आजीचं गाठोडं मामांच्या हातात दिलं आणि काठीने वाट दाखवली.

पलीकडे मोहरीची पिवळी शेतं होती आणि कच्चा रस्ता. भाषा येईना, उतरायला धर्मशाळा कुठे ते माहीत नाही. मी एकटा असतो तर नाक्यावरूनच परत फिरलो असतो, हे अगदी खरं आहे. माझे कॉलेजातले मित्र म्हणतात, प्रवास एकट्याने करावा, मग देश कळतो. असेल तसं. आम्हाला तो एकमेकांमुळे कळला. वाटेत एका गावात विहीर लागली. एक बाई पाणी शेंदत होती. आजी सवयीने लांब उभी राहिली आणि ओंजळ पुढे केली, वरून पाणी ओतून घ्यायला. त्या बाईला ते समजलं नाही. तिने सरळ दोर आजीच्या हातात दिला. आम्ही कोण हे तिला ठाऊक नव्हतं, हेही खरं... पण आजी दोर धरून तशीच उभी राहिली. मग मामी पुढे झाल्या, तुळसाकाकू पुढे झाल्या आणि सगळ्या बायांनी मिळून तो दोर ओढला. एकटी आजी असती तर तिने दोर खाली ठेवला असता, असं मला वाटतं. मी चुकतही असेन.

लुंबिनीत तेव्हा फार काही नव्हतं. दगडी खांब, छोटं देऊळ, तळं, झाडं. आजीने खांबाला हात लावला, मग तळ्याकाठच्या मातीवर बसून ती चाचपून पाहिली. "हितंच व्हय?" "हितंच, आये." "सावली हाय का?" मामा म्हणाले, "हाय की. तू सावलीतच बसलीस." ती हसली. "मंग बरं झालं. तिच्या संगती बाया व्हत्या ना रं?" मामांनी सांगितलं, होत्या. आम्ही वंदना म्हटली. परत येऊन मामांनी प्रत्येकाचं गाठोडं दारात पोचलं का, ते दौंडात आणि वडगावात घरोघर फिरून पाहिलं आणि मग ड्यूटीवर गेले.

शेवटची भेटही पिशव्यांचीच. दौंडहून मी पुण्याला परत निघालो होतो. फलाटावर माझी पिशवी त्यांच्याकडे, त्यांची डब्याची पिशवी माझ्याकडे. बोलता बोलता पॅसेंजर सुटायला लागली, त्यांनी मला ढकलून वर चढवलं आणि गाडी हलल्यावर दोघांच्या लक्षात आलं. मी दारातून त्यांची पिशवी पुढे केली. अंतर वाढलं होतं. मामा पोट धरून हसत होते. माझी पिशवी वर करून ओरडले, "ऱ्हाऊ दे, भाचेबुवा! तुझी मी आनून देतो. दारात!"

त्यांनी ती आणली. पुणे स्टेशनापर्यंत आणली.

त्यांची पिशवी माझ्या खोलीत खिळ्याला होती. ती कुठे पोचवायची, हेच मला सुधरेना. मालकाच्या हातात, असा नेम. मामा गेल्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी ती घेऊन दौंडला मामींकडे गेलो. मामींनी ती पाहिली आणि हात मागे घेतला. "माझ्याकडं नगं. त्यांची पिशवी कायम आत्याबाईंकडं असायची." म्हणून वडगावला गेलो. आजीला आता दिसत नाही. ओट्यावर बसली होती. मी तिच्या मांडीवर पिशवी ठेवली. तिने बंद चाचपले, डब्याची कड चाचपली, उघडली नाही. नंतर छातीशी धरली, नाक्यापलीकडे चालताना धरायची तशी. "मंग माझं कुनाकडं?" तिने विचारलं. ती उठली, भिंतीला हात लावत आत गेली आणि फडक्याची गाठ मारलेलं एक छोटं गाठोडं आणून तिने माझ्यापुढे धरलं.

ते आता माझ्या खोलीत त्याच खिळ्याला आहे. आत काय आहे ते मी विचारलेलं नाही. सकाळी उठलो की ते दिसतं आणि मला वडगावचा तो ओटा दिसतो, आजी जेवली असेल का असं मनात येतं. दर रविवारी आता मी वडगावला जायला दौंडची पॅसेंजर पकडतो. गाठोडं बरोबर नेतो, संध्याकाळी परत आणतो. ती दर वेळी हात पुढे करून ते चाचपते, गाठ तिनेच मारलेली आहे ना ते बघते, आणि मला परत देते.