चाचांची बोटं

चाचा तेल कानानं तपासायचे, असं सांगितलं तर कुणाचा विश्वास बसत नाही. डब्याचं बूच उघडून एक थेंब अंगठ्यावर घ्यायचा, तर्जनीनं चोळायचा आणि डोळे मिटून ती चिमूट कानाशी न्यायची, हा त्यांचा रिवाज. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरलं नव्हतं. "हसतोस काय? बोटं सांगतात, कान फक्त साक्षीला," ते म्हणाले. मग चिमूट हळूच उघडायची. दोन बोटांमध्ये पाकासारखी तार धरली तर माल ठेवायचा, नाही तर डबा परत.

दिघीच्या रस्त्याला, मिलिटरीच्या भिंतीसमोर त्यांचं दुकान होतं. झाडं कापायच्या चेनसॉ ते दुरुस्त करायचे आणि साखळीचं तेल विकायचे. मूळचे बार्शीकडचे, कंपनीत नोकरीला आले आणि ती सुटल्यावर इथंच राहिले. मी मोशीचा. आमच्या शेतावर सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्याच सोसायट्यांची, चाकणच्या कंपन्यांच्या आवारातली झाडं छाटायची कामं मी घेऊ लागलो. नशिबाची ही थट्टा मला आजही फारशी आवडत नाही.

माझी मशीन एकदा जाम झाली म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. साखळी जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी त्यांनी फडक्यानं पुसली. ती तापून निळी पडली होती.

"यात काय घातलंस?"

"गाड्यांचं काढलेलं जळकं ऑइल. गॅरेजवाला फुकट देतो."

"तुझ्या आईच्या कढईत ओतशील का ते?"

मग त्यांनी नीट समजावून सांगितलं. "इंजिनातलं तेल आतल्या आत फिरतं, बेटा. हे तसं नाही. एकदा साखळीवर आलं की भुशाबरोबर मातीत जातं. साखळी एवढ्या जोरात फिरते, पातळ तेल उडूनच जाणार. म्हणून तिला धरून राहील असंच घ्यायचं. आणि जळक्यात लोखंडाची कचकच असते, ती पट्टीतलं तेलाचं भोक बुजवते." थोडं थांबून म्हणाले, "पोटासाठी झाड कापतोस, ठीक आहे. जाता जाता त्याच्या मुळांत घाण कशाला ओततोस?" त्या दिवसापासून मी जळक्या तेलाला हात लावला नाही.

दुरुस्त झालेली मशीन ते तशीच कधी हातात देत नसत. सुरू करून तिचं टोक जुन्या वर्तमानपत्रासमोर धरायचे. कागदावर तेलाची बारीक रेघ उमटली म्हणजे साखळीला तेल पोचतंय. ती रेघ दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाला सोडायचे नाहीत. कितीही घाई असो, उभं राहावं लागायचं.

पुढं त्यांना साखरेच्या आजारानं धरलं. एके दिवशी आम्ही चहा पीत होतो. माझा ग्लास इतका कढत होता की मी तो रुमालात धरला होता. चाचांनी त्यांचा तसाच मुठीत धरला होता आणि तळवा लालबुंद झाला होता. मी पाहिलं आणि काही बोललो नाही. बोलायला हवं होतं.

त्याच महिन्यात नेहमीच्या व्यापाऱ्याकडे माल नव्हता. एक नवाच माणूस तेलाचा डबा देऊन गेला. चाचांनी थेंब घेतला, चोळला, कानाशी नेला. बराच वेळ तसेच उभे राहिले. तार तर छान धरली होती. मग, आजवर कधी केलं नव्हतं ते त्यांनी केलं. बोट माझ्यापुढं केलं. "तू बघ रे जरा."

मी चोळून पाहिलं. कचकच लागली, अगदी बारीक. गाळून, रंग घालून नवं केलेलं जळकंच तेल होतं ते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं ज्या बोटांवर हा माणूस जगला, ती गेली हे त्याला कसं सांगायचं? "चांगलं आहे, चाचा," मी म्हणालो.

ते तेल माझ्याबरोबर छाटणीची कामं करणाऱ्या नामदेवानं नेलं. मोशीत गुलमोहराची फांदी कापताना भोक बुजलं, कोरडी साखळी तापली आणि तुटून त्याच्या हातावर बसली. नामदेव वाचला, पण हाताला टाके पडले. चाचा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून होते. मी बाहेर गाठून त्यांना सगळं सांगितलं.

"माझी बोटं मेली होती," ते म्हणाले. "तुझी तर जिवंत होती ना?"

एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. मुलीकडे बार्शीला जायच्या आदल्या दिवशी मला बोलावून घेतलं. सामान बांधून झालं होतं, टेबलावर तेलाचा एक उघडा डबा तेवढा होता. "बघ," म्हणाले. मी थेंब घेतला, चोळला. या वेळी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"कचकच आहे, चाचा."

"माहीत आहे. सकाळी मीच कानशीचा कीस घातला त्यात." त्यांनी बूच लावलं आणि माझा हात फडक्यानं पुसला, एकेक बोट वेगळं करून. "आता जातो मी."

पुढच्या हिवाळ्यात ते गेले. तेल घेताना मी अजून चिमूट कानाशी नेतो. दुकानदार हसतात. खरं म्हणजे ऐकू काहीच येत नाही. पण डोळे मिटलेले असतात, त्यामुळं समोरच्याचा चेहरा दिसत नाही, आणि जे असेल ते सांगता येतं.